मॉनिटर चालूच असतो : एका जिवंत देखाव्याच्या संहितेचं प्रकरण

पुण्याच्या पूर्व भागातल्या पेठांमध्ये गणपतीत जिवंत देखावा कसा होतो, हे बाहेरगावच्या वाचकाला आधी सांगायला हवं. मांडवाला लागून रस्त्याच्या कडेलाच रंगमंच असतो. कलाकार म्हणजे मंडळाचीच पोरं-पोरी. संवाद, संगीत, आवाज सगळं आधी स्टुडिओत रेकॉर्ड झालेलं असतं आणि कलाकार त्या ट्रॅकवर ओठ हलवत अभिनय करतात. दहा-बारा मिनिटांचा खेळ झाला की पडदा, मग गर्दी पुढे सरकवायची आणि पुन्हा तोच खेळ. हे रात्री दहापर्यंत चालतं, आणि ध्वनिक्षेपकाला सवलत असलेल्या दिवशी बारापर्यंत. शेजारच्या चौकात ढोल चालू असतो, समोर पिपाण्या, मध्येच गर्दीत अडकलेली एखादी रिक्षा. इथे नाटकातलं वाक्य चालत नाही. देखाव्याचं वाक्य छोटं लागतं, एकदा ऐकून कळणारं.

अशाच एका मंडळाचं हे प्रकरण. मंडळाचं नाव देत नाही, कारण पेठेत ते सगळ्यांना कळेलच आणि पेठेबाहेर त्याचा काही उपयोग नाही. विषय ठरला होता अवयवदान. मला बोलावलं होतं तालमी घ्यायला. संहिता तयार आहे, असं फोनवरच सांगितलं गेलं.

ती तीन जणांच्या गटाने केली होती. एक आयटीत नोकरी करणारा, एक सीएची परीक्षा देणारी मुलगी आणि एक मेडिकल दुकानात काउंटरवर उभा राहणारा मुलगा. केली होती म्हणजे चॅटबॉटकडून करवून घेतली होती, एका संध्याकाळीत. पूर्वी याच मंडळात संहितेवरून आषाढ संपेपर्यंत भांडणं चालायची, त्यामुळे या वेगाचं सगळ्यांनाच अप्रूप होतं. आणि खरं सांगायचं तर संहिता वाईट नव्हती. बांधीव होती. बारा मिनिटांत बसत होती. मराठी शुद्ध होतं, जरा जास्तच.

गोष्ट अशी. हेल्मेट न घातलेला तरुण, दुचाकीचा अपघात, अतिदक्षता विभाग. मॉनिटरवरची रेघ सरळ होते, लांब ‘टूंऽऽऽ’ आवाज. डॉक्टर मान खाली घालतात. मग ट्रान्सप्लांट कोऑर्डिनेटर, म्हणजे अवयवदानाबद्दल नातेवाइकांशी बोलणारी बाई, प्रवेश करते आणि आईला सांगते : “आई, तुमचा मुलगा गेला नाही. तो कुणाच्या डोळ्यांतून जग पाहील, कुणाच्या छातीत धडधडत राहील.” आई डोळे पुसून सही करते. सायरन, ग्रीन कॉरिडॉर (अवयव नेणाऱ्या गाडीसाठी मोकळा केलेला रस्ता), पोलिसांची शिट्टी. एक वर्षानंतर दारात एक मुलगी उभी. तिच्या छातीत त्या मुलाचं हृदय. आई तिच्या छातीला कान लावते, स्पीकरवर ठोके वाजतात, पडदा.

वाचन झालं तेव्हा मंडळाच्या कार्यालयात बसलेले खजिनदार चक्क रडले. हे मी मुद्दाम नोंदवतो आहे. मशीनने लिहिलेलं काळजाला भिडत नाही, असं म्हणणाऱ्यांनी आमच्या खजिनदारांना पाहायला हवं होतं.

रेघ सरळ झाली तर?

गडबड काढली ती मेडिकलवाल्या मुलाने. बराच वेळ गप्प होता, मग म्हणाला, “पण सर, रेघ सरळ झाली म्हणजे हार्ट बंद पडलं. मग ते त्या मुलीला बसवलं कसं?”

कुणालाच उत्तर येईना. आयटीवाल्याने तोच प्रश्न मोबाइलवर मशीनला टाकला. उत्तर लगेच आलं आणि ते बरोबर होतं : मेंदूमृत, म्हणजे मेंदू कायमचा बंद पडलेल्या रुग्णाचं हृदय काही काळ चालू राहतं, व्हेंटिलेटरवर छाती वरखाली होत असते, अंग गरम असतं आणि मृत्यूनंतरचं अवयवदान बहुतेक वेळा याच अवस्थेत होतं. म्हणजे मशीनला माहीत होतं. तरी दृश्य लिहिताना त्याने सरळ रेघच काढली. मला या सगळ्या प्रकरणात सर्वांत शिकवणारी जागा वाटते ती हीच. ‘दवाखान्यातला मृत्यू’ म्हटल्यावर जगभरच्या पडद्यांवर जे दृश्य हजारदा येऊन गेलंय, ते आधी हाताला लागलं. माहिती एका खणात आणि दृश्य दुसऱ्या खणात. दोन्ही खण एकदम उघडायचं कारण त्या मुलाला पडलं, कारण तो दिवसभर हृदयाच्या गोळ्या विकतो.

आणि ही चूक तांत्रिक म्हणून सोडून देण्यासारखी नव्हती. नातेवाइकांची खरी कोंडी तिथेच असते. मॉनिटर चालू आहे, छाती हलते आहे, हात गरम आहे आणि डॉक्टर म्हणतात की माणूस गेला. कोणती आई हे ऐकून घेईल? सरळ रेघ दाखवली की हा प्रश्नच पुसला जातो. मग उरतं ते फक्त उदात्त भाषण.

१९९४च्या मानवी अवयव प्रत्यारोपण कायद्याने ही कोंडी ओळखलेली आहे. मेंदूमृत्यू एकटा डॉक्टर जाहीर करू शकत नाही. चार डॉक्टरांचं मंडळ लागतं, तपासण्या दोनदा होतात आणि दोहोंत किमान सहा तासांचं अंतर ठेवावं लागतं. व्हेंटिलेटर थोडा वेळ बाजूला करून स्वतःचा श्वास येतो का, हेही पाहतात. त्या सहा तासांत नातेवाईक बाहेरच्या बाकड्यावर बसलेले असतात. आमच्या संहितेत हे सहा तास एका संगीताच्या तुकड्यात उरकले होते.

सीएवालीने तेवढ्यात आणखी एक गोष्ट केली. तिच्या आणि इतरांच्या मोबाइलवरून तीच मागणी वेगवेगळ्या शब्दांत पुन्हा टाकली. नावं बदलली, अपघाताच्या जागा बदलल्या, पण छातीला कान लावणारी आई जवळपास प्रत्येक वेळी आली. २०२४मध्ये ‘सायन्स ॲडव्हान्सेस’ या नियतकालिकात अनिल दोशी आणि ऑलिव्हर हाउझर यांचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला होता. छोट्या गोष्टी लिहिणाऱ्यांपैकी काहींना एआयकडून कल्पना घेऊ दिल्या. त्यांच्या गोष्टी वाचकांना अधिक चांगल्या वाटल्या, विशेषतः ज्यांचा हात मुळात फारसा चालत नव्हता त्यांच्या. पण त्या गोष्टी एकमेकींसारख्या झाल्या. म्हणजे एकेका लिहिणाऱ्याचा फायदा झाला आणि सगळ्यांच्या मिळून साठ्यातलं वैविध्य घटलं. पेठेतल्या मंडळाला हे वेगळं समजवावं लागत नाही. शेजारच्या चौकातही छातीला कान लावलेली आई उभी राहिली तर काय होईल, हे सगळ्यांना त्याच क्षणी कळलं.

खुर्ची शोधते

शेवटी ठरलं की कोऑर्डिनेटरचं हे काम जे प्रत्यक्ष करतात त्यांनाच भेटायचं. पुणे विभागात अवयववाटपाचा समन्वय झेडटीसीसी, म्हणजे विभागीय प्रत्यारोपण समन्वय केंद्र करतं. नातेवाइकांशी बोलणारे कोऑर्डिनेटर त्या त्या रुग्णालयाचे असतात. ओळखीतून एक कोऑर्डिनेटर मॅडम भेटायला तयार झाल्या. त्यांनी अट घातली की कोणत्याही एका कुटुंबाची गोष्ट विचारायची नाही. आम्ही मान्य केलं, आणि त्या अटीतूनच संहितेचं शेवटचं दृश्य कोसळलं. कारण दात्याचं कुटुंब आणि अवयव मिळालेली व्यक्ती यांची ओळख एकमेकांना सांगायची नाही, अशीच पद्धत आहे. वर्षाने दारात उभी राहणारी मुलगी साधारणपणे येतच नाही.

“मग तुम्ही आत गेल्यावर पहिलं काय बोलता?” सीएवालीने विचारलं.

“बोलत नाही. खुर्ची शोधते.”

ते उभे असतील तर त्यांना बसवायचं, ते खाली बसले असतील तर आपणही खाली बसायचं. काही खाल्लंय का विचारायचं. मेंदूमृत्यूची बातमी डॉक्टरांनी दिलेली असते. ती पचल्याशिवाय दानाचा शब्द काढायचा नाही, आणि ती पचली की नाही हे कुणी सांगत नसतं, ते बसून कळून घ्यावं लागतं. भाषण तर अजिबात नाही. “माझं भाषण ऐकून कुणी हो म्हणालं, तर सकाळी तेच माणूस म्हणेल की मला भरीला घातलं.”

मग नातेवाईक काय विचारतात ते त्यांनी सांगितलं. आमच्या संहितेतल्या आईने एकही प्रश्न विचारला नव्हता. खऱ्या माणसांचे प्रश्न असे असतात : बॉडी कधी मिळेल? चेहरा नीट राहील ना? बिल वाढेल का? यातल्या प्रत्येकाला सरळ उत्तर आहे. दात्याची देखभाल आणि अवयव काढण्याचा खर्च कुटुंबाकडून घ्यायचा नाही, असं नियमच सांगतात. शस्त्रक्रिया असते, टाके व्यवस्थित घालून देतात. अपघाताची केस असेल तर पोलीस आले आणि शवविच्छेदन आलं. पूर्वी ते सूर्यास्तानंतर होत नसे. नोव्हेंबर २०२१मध्ये केंद्राने ही अट सैल केली, तीही मुख्यतः अवयवदानाची अडचण लक्षात घेऊन. अशी कोरडी उत्तरं नीट, न घाई करता देणं हाच त्यांच्या कामाचा मोठा भाग. दयाबुद्धी वगैरे म्हणतात ती अशा वेळी बिलाच्या उत्तरात दिसते.

आणि काका. “निर्णय घेणारं माणूस आयसीयूबाहेर बसलेल्यांत नसतंच बहुतेक वेळा,” त्या म्हणाल्या. “काका गावाहून निघालेले असतात. टेंभुर्णीला पोचलेत, चहाला थांबलेत. तोपर्यंत सगळं थांबतं.”

आयटीवाल्याने इथे एक मुद्दा काढला, आणि तो टाळण्यासारखा नव्हता. २०२३मध्ये ‘जामा इंटर्नल मेडिसिन’मध्ये आलेला अभ्यास त्याने वाचला होता. लोकांनी इंटरनेटवर विचारलेले १९५ वैद्यकीय प्रश्न, त्यांना डॉक्टरांनी दिलेली उत्तरं आणि चॅटजीपीटीची उत्तरं तज्ज्ञांपुढे नावाशिवाय ठेवली होती. ७८.६ टक्के मूल्यमापनांत मशीनचं उत्तर सरस ठरलं. सहानुभूतीतही मशीन पुढे. “मॅडम, मग उद्या हे कामही…”

मॅडम चिडल्या नाहीत. त्यांनी विचारलं, उत्तरं केवढी होती? डॉक्टरांची सरासरी ५२ शब्द, मशीनची २११. त्या हसल्या. “माझ्याकडे २११ शब्द ऐकणारं कुणी येत नाही. आलं तर मी त्याला आधी पाणी देईन.”

त्या अभ्यासाला मी कमी लेखत नाही. दमलेला डॉक्टर दोन पेशंटांच्या मध्ये दोन ओळी खरडतो आणि न दमणारं मशीन तीच गोष्ट धीराने समजावून सांगतं, हे रुग्णाच्या भल्याचंच आहे. लिहिलेल्या उत्तरापुरती ही बाजू मशीनने जिंकलेली आहे, तिथे वाद घालण्यात हशील नाही. पण मॅडमचं काम लिहिलेल्या उत्तराचं नाही. निघताना त्या जे बोलल्या त्याने तर आमच्या संहितेचा पायाच हलला. मेडिकलवाल्याने विचारलं होतं, “नाही म्हणाले तर?”

“तर नाही. मग बॉडीचे कागद, पोलीस, शववाहिका यांत मदत लागते. तेवढं होईपर्यंत मी थांबते. हो म्हणणाऱ्यांइतकंच.”

आमच्या संहितेतली कोऑर्डिनेटर प्रेमळ होती, पण तिचं सगळं प्रेम सहीच्या दिशेने वाहत होतं. सही नाकारली असती तर तिला पुढे एकही वाक्य नव्हतं. वाचताना हे आमच्यापैकी कुणालाही खटकलं नव्हतं, मलाही नाही. मशीनला ‘अवयवदानाचा संदेश द्या’ असं सांगितलं होतं आणि त्याने तो चोख दिला. संदेशाच्या हिशेबात नकार देणारी आई ही अडचण असते. मॅडमच्या हिशेबात ती तेवढीच दुःखी बाई असते.

दुसरा खर्डा

दुसरी संहिता लिहायला बरेच दिवस गेले आणि त्यातही मशीन होतंच. ते बंद करा असं मी म्हटलं नाही, म्हणायचं कारणही नव्हतं. मॅडमकडे घेतलेली टिपणं त्याला दिली, तेव्हा तपासण्यांचा क्रम त्याने व्यवस्थित लावून दिला, वीस मिनिटांचा मजकूर बारावर आणला, हिंदी निवेदन करून दिलं. पण ‘आई नाही म्हणते, कोऑर्डिनेटर फक्त “बरं” म्हणते’ असं सांगितलं की त्या ‘बरं’ला तीन वाक्यं चिकटून यायची. तुमच्या भावनांचा मी आदर करते, वगैरे. स्पष्ट बजावल्यावर नुसतं ‘बरं’ आलं. म्हणजे कमी बोलणं त्याला जमत नाही असं नाही. पण कमी कुठे बोलायचं हे सांगणारं माणूस आधी त्या खुर्चीपर्यंत जाऊन आलेलं हवं. लिहिणं वाटून देता आलं, ते जाऊन येणं वाटून देता आलं नाही.

काकांचं बोलणं मशीनकडून काही केल्या येईना. सोलापूरकडचा माणूस लिही म्हटलं की कुठलाच नसलेला गावरान माणूस यायचा, प्रत्येक वाक्यात ‘रं’ आणि ‘बगा’. सीएवालीने मग स्वतःच्या मामांना डोळ्यांसमोर ठेवून काका लिहिले. ते आत येतात तेव्हा मुलाची चौकशी न करता पार्किंगचे पैसे किती घेतले यावर तणतणतात, आणि बोलता बोलता भिंतीला टेकतात. तालमीत हे पहिल्यांदा झालं तेव्हा खजिनदार रडले नाहीत. गप्प बसले.

खरी पंचाईत झाली शांततेची. डॉक्टर सांगतात, आई मुलाच्या छातीकडे बघते, आणि तिथे काही क्षण कुणीच बोलत नाही, असं आम्हाला हवं होतं. साउंडवाला म्हणाला, “रस्त्यावर शांतता चालत नाय. तीन सेकंद गेले की पब्लिक ओरडतं, आवाज गेला!” बरोबर होतं त्याचं. त्या जागी मशीनने बासरी सुचवली. मी सतार सुचवली, जी बासरीपेक्षा काही फार थोर नव्हती.

उपाय मेडिकलवाल्याने सांगितला, आणि तो त्याच्या पहिल्याच शंकेतून आला होता. मॉनिटर चालू असतो ना? मग वाजू द्या. टूं… टूं… टूं… एका लयीत, सुरुवातीपासून शेवटपर्यंत, संवादांच्या खालून. डॉक्टरांनी ‘मेंदू मृत झालाय’ म्हटल्यावरही तो थांबत नाही. साउंड गेलेला नाही हे गर्दीला कळतं, आणि ज्या आवाजामुळे आई विश्वास ठेवायला तयार नाही तोच आवाज गर्दीच्याही कानात राहतो. आई डॉक्टरांना एवढंच म्हणते : “अहो, चालू आहे की.” पहिल्या संहितेतलं कुठलंही वाक्य मला आज आठवत नाही. हे आठवतं. रेकॉर्डिंगला ते वाक्य मंडळातल्याच एका काकूंनी म्हटलं, दुसऱ्याच टेकला, कारण पहिल्या टेकला बाहेर कुत्रा भुंकला.

शेवटावरून मात्र भांडण झालं. गटाचं म्हणणं होतं की काका संमतीचा नमुना मोठ्याने वाचायला लागतात तिथेच पडदा पाडायचा, सही झाली की नाही दाखवायचं नाही. अध्यक्ष म्हणाले, “लोक उभं राहून बघणार आणि तुम्ही त्यांना अर्धवट सोडणार? स्पर्धेत नंबर कसा येईल?” त्यांची काळजी अगदीच चूक नव्हती. पडद्यानंतर दोन ओळींचं निवेदन ठेवायचं, यावर मिटलं.

ते निवेदनही नीट घडवावं लागलं. ‘आजच प्रतिज्ञा करा’ एवढं म्हणून भागत नाही. नोट्टो या राष्ट्रीय संस्थेच्या संकेतस्थळावर आधार क्रमांक वापरून इच्छा नोंदवता येते, पण वेळ आल्यावर शेवटी घरच्यांनाच विचारतात. ज्याने नोंद केली आणि घरी सांगितलं नाही, त्याची नोंद तशीच राहू शकते. म्हणून निवेदनाचं मुख्य वाक्य झालं : घरी सांगून ठेवा. काकांनाही.

लोकांनी देखावा कसा घेतला, याचं मोजमाप आमच्याकडे नाही. एका आजोबांनी तोंडावर सांगितलं की अर्धवट वाटला, गेल्या वर्षीचा शिवाजी महाराजांचा बरा होता. काही लोक पडदा पडल्यावर हलेनात. सही केली का, म्हणून मांडवातल्या पोरांना विचारत राहिले आणि मागची गर्दी ओरडायला लागली. काही बायका आपापसात बिलाबद्दल बोलताना ऐकू आल्या : खरंच घेत नाहीत का गं पैसे? प्रयोगाचा नंबर आला नाही.

फलकावर कुणाचं नाव

श्रेयाच्या फलकाचा प्रश्न आधीच आला होता आणि तो शेवटपर्यंत नीट सुटला नाही. ‘लेखन’ यापुढे काय लिहायचं? आयटीवाल्याचं म्हणणं, एआयची मदत घेतली तर लिहायला हवी, प्रामाणिकपणा म्हणून. सीएवालीचा विरोध होता. लोक फलक वाचतील आणि आईच्या वाक्यालाही मशीनचं समजतील, असं ती म्हणे. तिच्या भीतीला आधार आहे. २०२४मध्ये अमेरिकेतल्या ‘पीएनएएस’ नियतकालिकातला एक अभ्यास सांगतो की एआयने लिहिलेल्या प्रतिसादाने माणसांना आपलं ऐकून घेतल्यासारखं जास्त वाटलं, पण तो एआयचा आहे असं कळलं की तेच वाटणं उतरलं. अध्यक्षांनी त्यांच्या पद्धतीने निकाल दिला : “मशीन वर्गणी देतं का? मग नाव कशाला?” फलकावर ‘लेखन : मंडळाचे कार्यकर्ते’ आलं. माझं मत आयटीवाल्याच्या बाजूचं होतं आणि अजूनही आहे. ज्या देखाव्यात सांगून ठेवा म्हणतो, त्याच्या फलकावर आपण सांगितलं नाही, हे मला बरं वाटलं नाही.

विसर्जनानंतरच्या बैठकीत पुढच्या वर्षाची पद्धत ठरली. विषय ठरला की आधी ते काम करणाऱ्या माणसाला गाठायचं, त्याच्याकडे बसायचं, आणि मशीन उघडायचं ते नंतर. खजिनदारांनी हिशेबाची वही मिटता मिटता एवढंच विचारलं, की असं असेल तर जूनमध्येच सुरुवात करावी लागेल, आणि जूनमध्ये वर्गणीचं एक पावतीपुस्तकसुद्धा छापून झालेलं नसतं, त्याचं काय? त्यावर अजून चर्चा चालू आहे.